विमल आत्यांची सामाईक भिंत

आमच्या चाळीत कोणाकडे बाथरूमचं काम निघालं की गवंड्याच्या आधी विमल आत्या हजर व्हायच्या. बोलावलेलं असो नसो. गॅलरीत रेतीच्या गोणी दिसल्या की पदर खोचून, चष्मा कपाळावर चढवून त्या दारात उभ्या. "काय गो, मोरी फोडतंस?" एवढंच विचारायच्या आणि उत्तराची वाट न बघता थेट आत.

आमची चाळ काळाचौकीतली, गिरणीवाल्यांची. प्रत्येकाची एक खोली, खोलीच्या मागच्या कोपऱ्यात मोरी. भांडी तिथेच, आंघोळ तिथेच, आणि संडास गॅलरीच्या टोकाला, अख्ख्या मजल्याला मिळून. मी लग्न होऊन आले तेव्हा असंच होतं. पुढे मागच्या बाजूने ड्रेनेजची नवी लाइन पडली आणि एकेक घर मोरी फोडून आतच संडास-बाथरूम करून घ्यायला लागलं. काही जण बिल्डर येणार, बिल्डर येणार म्हणून हातावर हात ठेवून बसले होते. आत्या त्यांना विचारायच्या, बिल्डर येईपर्यंत आंघोळीच्या गोळ्या घेणार काय?

त्या काही इंजिनिअर नव्हत्या, की त्यांच्या घरात कोणी कंत्राटदार नव्हता. टेलिफोनच्या ऑफिसात ऑपरेटर होत्या, तिथूनच रिटायर झाल्या. लग्न केलं नाही. का केलं नाही ते कोणी विचारलं नाही, आणि त्या सांगणाऱ्यातल्या नव्हत्या. अंगाने काटकुळ्या, पण बसायच्या अगदी ताठ. सुती साडीला कांजी, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. कोणी दार वाजवलं की "कोण?" म्हणायच्या नाहीत, "बोला" म्हणायच्या. त्यांचा भाचा प्रशांत त्यांच्याकडे राहून शिकला, तो आत्या म्हणायचा म्हणून सगळी चाळ आत्या म्हणायची. माझ्या सासूबाई त्यांच्याहून मोठ्या, त्यासुद्धा आत्याच म्हणायच्या.

तर त्या आत शिरल्या की पर्समधून एक काचेची गोटी काढायच्या. लादी बसवून झाली की चारी कोपऱ्यांतून गोटी सोडायची. सुटली तशी जाळीकडे गेली तर ठीक. कुठे मध्येच थबकली किंवा दाराकडे वळली, की मिस्त्रीची कंबख्ती भरली. "पाण्याला अक्कल नसते, उतार असतो," हे त्यांचं वाक्य चाळीत पोरंसोरं म्हणायची. मिस्त्री चिडायचे. एकाने तर माझ्यासमोर सांगितलं, ये बुढ्ढी को पहले बाहर निकालो, फिर काम होगा. आत्यांनी त्याच्याकडे बघून मान डोलावली, उलटी बादली ओढली आणि तिच्यावर बसून राहिल्या. उतार दुरुस्त झाल्यावरच उठल्या.

टाइल्स बघायला दुकानात जाताना बायका त्यांना न्यायला घाबरायच्या. चकचकीत, आरशासारखी टाइल कोणाला आवडली की आत्या तिथेच पाण्याचा ग्लास मागायच्या, टाइलवर ओतायच्या आणि म्हणायच्या, आता चप्पल काढून उभी राहा बघू. सेल्समनचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. "कोरडं असताना सगळ्यांचंच बाथरूम चांगलं दिसतं," हे त्यांचं दुसरं वाक्य. दाराशी उंबरठा नको, उतार नीट असेल तर पाणी बाहेर येतच नाही, आणि उंबरठा म्हातारपणी पाय अडकवायला टपलेला असतो. नळ एवढा खाली नको की बादली शिरणार नाही. तुम्ही हसाल, पण आमच्या तळमजल्यावर एकांनी तसा नळ लावला होता आणि ते तांब्या तांब्याने बादली भरायचे. गिझरचं बटण बाहेर. आणि दार, दार कधीही आत उघडणारं नको. यावर त्या कोणाशीही तासभर भांडायच्या. चाळीतली खोली ती केवढी, दार बाहेर उघडलं की फ्रिजला आपटतं, कॉटला आपटतं. आपटू दे म्हणायच्या. फ्रिज हलव.

सगळ्यात गंमत गावडे भाऊंची. गावडे म्हणजे आमच्या मंडळाचे अध्यक्ष, भारदस्त माणूस, गणपतीत स्टेजवर बसले की खुर्ची दिसायची नाही. त्यांच्या बाथरूममध्ये कमोड कुठे बसवायचा याच्या खुणा मिस्त्रीने करून ठेवल्या होत्या. आत्यांनी तिथे रंगाचा रिकामा डबा उपडा घातला आणि गावडे भाऊंना म्हणाल्या, बसा. भाऊ म्हणाले, कशाला? आत्या म्हणाल्या, बसा म्हणते ना. गॅलरीत आम्ही सात-आठ बायका, आत मिस्त्री, आणि मध्ये विटांच्या तुकड्यांत आमचे अध्यक्ष डब्यावर. गुडघे समोरच्या भिंतीला टेकले. आता पेपर उघडा, आत्या म्हणाल्या. कोपर पाइपला लागलं. आता उठा. तेवढंच बाकी होतं, ते काही जमेना, मिस्त्रीने हात दिला तेव्हा उठले. आत्या हसल्या नाहीत, कमोड तिरका बसवा म्हणाल्या आणि निघून गेल्या. भाऊ आठवडाभर आमच्याकडे बघत नव्हते. पण कमोड तिरकाच बसला, आणि पुढे पाहुण्यांना ते स्वतः सांगायचे की हे डोकं आमच्या आत्यांचं.

एक चाचणी मात्र त्यांच्या खास आवडीची. लादीखाली वॉटरप्रूफिंग झालं की पाणी जायची भोकं फडक्याने बुजवायची, घोट्याएवढं पाणी भरायचं आणि दोन दिवस तसंच ठेवायचं. मिस्त्री लोक हे टाळतात, दोन दिवस कोण थांबणार. आत्या टाळू द्यायच्या नाहीत. आणि मग ते दोन दिवस त्या कुठे असायच्या? खालच्या मजल्यावरच्या घरात. त्यांच्या छताकडे बघत बसलेल्या. ओलीचा डाग येतो का म्हणून. चहा व्हायचा, पोहे व्हायचे, त्या घरातली सून ऑफिसातून आली की तिची चौकशी व्हायची, आणि मध्ये मध्ये मान वर. मला बरीच वर्षं वाटत होतं की केवढी ही काळजी छताची. मग एकदा माझ्या लक्षात आलं की दोन दिवस कोणाच्या तरी घरात बसायला मिळतं, ते त्यांना हवं असतं. मी कोणाला बोलले नाही. पण आमच्या घराचं काम निघालं तेव्हा खालच्या म्हात्रेबाईंना आधीच जाऊन सांगितलं की आत्या येतील, जेवायलाच ठेवून घ्या.

हे सगळं त्यांना आलं कुठून ते चाळीत प्रत्येकाला माहीत होतं, आणि प्रत्येकजण ते न बोलायचं ठरवून होता. आत संडास-बाथरूम करणारं आमच्या मजल्यावरचं पहिलं घर आत्यांचंच. रिटायर झाल्या झाल्या आईसाठी करून घेतलं. आई थकली होती, गॅलरीच्या टोकापर्यंत चालताना तिला धाप लागायची. आत्या स्वतः जाऊन टाइल्स पसंत करून आल्या, मोतिया रंगाच्या, बघावं तर तोंड दिसावं अशा. उंबरठा चांगला उंच घातला. दार आत उघडणारं, आतून कडी. चाळ बघायला लोटली होती. आई सगळ्यांना सांगायची, माझ्या विमलने केलान.

एक दिवस आई आत पडली ती दाराला आडवी. कडी तर होतीच, पण कडी तोडल्यावरही दार आत ढकलता येईना, कारण ढकललं की आईच्या अंगावर. आत्या दाराला तोंड लावून बसल्या होत्या. आतून आई सांगत होती, "विमल, घाबरू नको गो, माका काय झाला नाय." सुताराला शोधून आणलं, त्याने दाराची वरची फळी कापली, प्रशांत त्यातून आत उतरला. आई त्यानंतर फार दिवस राहिली नाही. अंथरुणातून उठलीच नाही. तिचे दिवस झाल्यावर आत्यांनी ते दार काढून भंगारवाल्याला दिलं, टाइल्स फोडून खरखरीत लादी बसवली, उंबरठा काढला, भिंतीला धरायला दांडी लावली. दाराच्या जागी पडदा. आता एकटीच तर आहे, मला कोणाची लाज, असं म्हणाल्या. त्यानंतर त्या दुसऱ्यांच्या घरात शिरायला लागल्या.

प्रशांतला नोकरी लागली, लग्न झालं, तो लांब फ्लॅट घेऊन गेला. पोरगा चांगला. न्यायला यायचा, दोन दिवस ठेवून घ्यायचा, पण आत्यांचा जीव तिकडे लागायचा नाही. खोली एकटीची झाली. आणि त्यांना एकाच गोष्टीची भीती होती, ती त्यांनी मला एकदा उघड सांगितली. मरायची भीती नाही. बाथरूममध्ये पडून राहायची आणि कोणाला न कळायची भीती. पूर्वी गॅलरीच्या संडासात कोणाला जरा उशीर झाला तर बाहेरच्या रांगेतलं माणूस डबा आपटायचं, आत आहेस का झोपलास म्हणून ओरडायचं. शिव्या खाव्या लागायच्या, पण कळायचं तरी. आता जो तो आपल्या घरात. खरं होतं त्यांचं. गॅलरीतली ती सकाळची वर्दळच गेली. आणि ती घालवण्यात आत्यांचाही हात होता, घरोघरी चांगली बाथरूमं त्यांनीच तर करून दिली.

त्यांच्या शेजारी सावंत. सुरेखा सावंत माझ्याहून लहान, बालवाडीत शिकवते, हळव्या मनाची. आत्यांचं आणि तिचं बाथरूम पाठीला पाठ लावून, मध्ये एक भिंत, चाळ बांधली तेव्हाची, चार बोटांची. इकडे शिंकलं तर तिकडे कळायचं. तर आत्यांनी सुरेखाशी एक ठरवलं. रोज सकाळी आंघोळ आटोपली की त्या भिंतीवर तांब्या दोनदा वाजवणार. आठ वाजेपर्यंत वाजला नाही तर सुरेखाने यायचं. बाहेरच्या दाराची कडी त्या आंघोळीआधीच काढून ठेवायच्या. सुरेखा म्हणाली, मी पण उलटं वाजवीन. आत्या म्हणाल्या नको. "मला उत्तर नको. तू ऐकलंस एवढं पुरे." ऑपरेटरची सवय असेल, दुसऱ्याच्या लाइनवर उगाच बोलायचं नाही.

एकदा नात्यात लग्न होतं म्हणून आत्या पहाटेच डोंबिवलीला गेल्या आणि सांगायला विसरल्या. आठ वाजले, तांब्या वाजला नाही. सुरेखा तशीच पिठाच्या हाताने धावली. दाराला कुलूप. कुलूप आहे म्हणजे बाई बाहेर गेली असेल, हे तिच्या डोक्यातच येईना, तिने मला हाक मारली, मी गावड्यांना मारली, गावडे भाऊंनी खांदा लावून कोयंडा उखडला. आत कोणी नाही. संध्याकाळी आत्या जरीची साडी नेसून, हातात बुंदीचे लाडू घेऊन आल्या तर दाराचा कोयंडा लोंबतोय आणि मजला जमलेला. सगळ्यांनी त्यांना फैलावर घेतलं. सुरेखा तर रडत भांडली. आत्या ऐकून घेत उभ्या होत्या. एवढी बोलणी खाताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, आणि एवढं खूश असलेलंही कधी पाहिलं नव्हतं. कोयंडा त्यांनी महिनाभर दुरुस्त केला नाही. आल्यागेल्याला दाखवायच्या.

मग सावंतांच्या बाथरूमचं काम निघालं. भिंतीला ओल होती, दोन्हीकडून पोपडे पडत होते. मिस्त्री म्हणाला जुन्या टाइलवरच नवी टाइल चिकटवतो, चार दिवसांत मोकळे. सुरेखाचा नवरा तयार झाला होता. आत्यांनी ते ऐकलं आणि त्या अशा उसळल्या की बस. टाइलवर टाइल म्हणजे घाणीवर पावडर, म्हणाल्या. आत ओल तशीच राहणार, दोन वर्षांत सगळं ढेपाळणार. जुनी टाइल काढा, प्लास्टर खरवडा, आणि भिंतीला आतून दुसरी विटांची भिंत घाला, मध्ये वॉटरप्रूफिंग, पाइप त्याच्यातून न्या, आणि पाइपांपर्यंत हात जाईल अशी झाकणाची खिडकी ठेवा. जागा कमी होईल म्हणून सुरेखाचा नवरा कुरकुरला. तर आत्यांनी त्याला डब्यावर बसवून दाखवलं की एवढ्या जागेत होतंय. सगळं काम त्यांनी उभं राहून करून घेतलं. पाणी भरून ठेवलं, खालच्यांकडे छत बघत बसल्या, गोटी चारी कोपऱ्यांतून जाळीत गेली. आमच्या चाळीत तसं बाथरूम दुसरं नाही. आजही नाही. आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही, मिस्त्रीच्या नाही, सुरेखाच्या नाही, माझ्या नाही, की ही भिंत जाड होतेय.

पूजा करून सुरेखाने नवं बाथरूम वापरायला घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी ती जिन्यात माझ्यापाशी आली. चेहरा उतरलेला. म्हणाली, वहिनी, मला काहीच ऐकू येत नाही हो. कान लावून उभी होते. त्यांचा रेडिओ दारातून ऐकू येतो, पण भिंतीतून टकसुद्धा नाही.

मी म्हटलं, मग सांग त्यांना. तर तिला ते होईना. आत्या त्या भिंतीवर केवढ्या खूश होत्या, येईल त्याला हात लावून दाखवत होत्या. त्यांना कसं सांगायचं की तुमच्याच हुशारीने तुमचा तांब्या बंद पडला? आणि त्यांनी त्या सकाळीच विचारलंही होतं, ऐकलंस ना गो? आणि ही बावळट हो म्हणून बसली होती. आता एकदा हो म्हटल्यावर रोज हो म्हणणं आलं. मग तिने काय करावं, तर रोज आठाच्या सुमाराला हातातलं काम टाकून गॅलरीत यायची, आत्यांच्या दाराशी उभी राहायची आणि पडद्याआड ऐकू जाईल असं म्हणायची, "ऐकलं हं आत्या." आतून आवाज यायचा, "बरं गो." की ही परत आपल्या घरात. पावसाळा गेला, दिवाळी गेली, हे चालूच. आम्हा दोघी-तिघींना माहीत होतं. फक्त आत्यांना नव्हतं.

एका दुपारी मी त्यांच्याकडे कोकमं द्यायला गेले होते. त्या खिडकीशी बसून शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सुरेखाला ऐकू येत नाही ना?"

माझ्या तोंडावरच सगळं लिहिलेलं असणार. त्या सांगायला लागल्या, अगदी शांतपणे. काम झालं त्याच आठवड्यात त्यांना शंका आली होती. बाथरूममध्ये उभं राहिलं की पलीकडून बादलीचा आवाज यायचा, तो बंद झाला. तिकडचं इकडे येत नाही तर इकडचं तिकडे कसं जाईल? आता शंका आली आणि आत्यांनी तपासलं नाही असं कसं होईल. एक दिवस त्यांनी तांब्या वाजवलाच नाही. आंघोळ करून, साडी नेसून कॉटवर बसून राहिल्या. सुरेखा वेळेवर आली आणि लोटलेल्या दाराबाहेरूनच म्हणाली, ऐकलं हं आत्या.

मी म्हटलं, अहो पण आमचं लक्ष असतं, तुमचा रेडिओ चालू असतो, त्यावरून कळतंच की. त्या म्हणाल्या, "रेडिओ मेलेल्या माणसाकडेही चालू राहतो, नंदा."

मग मी सुचवत सुटले. घंटी बसवू, मोबाइलवरून मिस्ड कॉल देत जा, नाहीतर पाइपांच्या खिडकीपाशी थोडी भिंत फोडू. भिंतीचं नाव काढल्यावर मात्र त्यांनी शेंगा खाली ठेवल्या. फोडायची नाही, म्हणाल्या, असं काम पुन्हा होत नाही. आणि सुरेखाला यातलं काही सांगायचं नाही, मला शपथ घातली. मी विचारलं, मग रोज वाजवता कशाला?

"वाजवलं नाही तर तिला यायला कारण काय राहील? रोज एवढं खोटं सांगायला तरी ती दारापर्यंत येते, नंदा. दुसरं कोण येतं?"

मी घरी आले आणि भांडी घासत उगाच रडले. राग पण आला, कोणाचा ते कळलं नाही. एवढी माणसं आमच्या मजल्यावर, त्यातल्या प्रत्येकाचं बाथरूम त्यांनी बघितलेलं, आणि सकाळी त्यांच्या दाराशी येणारी एकच, तीही थाप मारायला. दुसऱ्या दिवसापासून मीही जायला लागले, साखर मागायला, पेपर द्यायला. त्यांच्या लगेच लक्षात आलं. तुझ्याकडे साखर संपते फार, म्हणाल्या.

थंडीत एका सकाळी सुरेखा नेहमीसारखी दाराशी आली आणि म्हणाली, ऐकलं हं आत्या. आतून काही आलं नाही. तिने पुन्हा म्हटलं. रेडिओवर गाणं चालू होतं. ती दार ढकलून, पडदा सारून आत गेली. आत्या लादीवर कुशीवर पडलेल्या, शुद्धीवर, तोंडातून आवाज निघत नव्हता. घसरल्या नव्हत्या, लादी खरखरीतच होती, दांडी हाताशी होती, चक्कर आली त्याला कोण काय करणार. खुब्याचं हाड मोडलं होतं. पण दार कापावं लागलं नाही, शोधाशोध झाली नाही. पडून किती वेळ झाला असेल म्हणाल तर चहा उतू जाईल एवढाच.

हॉस्पिटलात ऑपरेशननंतर त्या जरा बोलायला लागल्या तेव्हा मी आणि सुरेखा शेजारी होतो. सुरेखाचा बांध फुटला. तिने सगळं सांगून टाकलं, मला कधीच ऐकू येत नव्हतं आत्या, मी रोज खोटं बोलत होते, काही झालं असतं तर मी काय तोंड दाखवलं असतं. आत्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मी मान खाली घातली. मग त्यांनी सुरेखाच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "असं कसं? त्या दिवशी तर मी वाजवलंसुद्धा नाही, तरी तू इलंस. म्हणजे ऐकलंसच ना."

त्यानंतर त्या चाळीत आल्या नाहीत. जिना चढणं शक्यच नव्हतं. प्रशांत हॉस्पिटलातूनच त्यांना आपल्याकडे घेऊन गेला, आणि त्याचं बरोबरच होतं. खोलीला कुलूप लागलं. सुरेखा पहिले काही दिवस सवयीने आठ वाजता बाहेर यायची आणि कुलूप बघून आत जायची.

महिन्याभराने आम्ही दोघी त्यांना भेटायला गेलो. उंच टॉवर, वरचा मजला, खाली नुसती आणखी टॉवर्सची कामं चाललेली. प्रशांत त्या दिवशी रजेवर होता, एरवी तो आणि बायको सकाळी सातलाच बाहेर पडतात, दुपारी एक बाई येऊन आत्यांचं करून जाते. आत्या वॉकर धरून चालत होत्या. आणखी काटकुळ्या झालेल्या, पण साडीला कांजी होती. आमची सगळी चौकशी झाली, गावडे भाऊंचीसुद्धा. मग प्रशांत म्हणाला, आत्या, यांना बाथरूम दाखव की. त्याने ते त्यांच्यासाठी मुद्दाम नवं करून घेतलं होतं.

आम्ही सगळे तिथे गेलो. काय सांगू, एक खोट काढायला जागा नव्हती. खरखरीत लादी, उंबरठा नाही, दोन बाजूंना दांड्या, बसून आंघोळ करायला भिंतीतलं आसन, बटणं बाहेर, दार बाहेर उघडणारं. पोराने लहानपणापासून ऐकलेलं सगळं जसंच्या तसं केलं होतं. तो आत्यांच्या तोंडाकडे बघत होता, काही चुकलंय का म्हणून. आत्या म्हणाल्या, चांगलं केलंस हो, काही चूक नाही. त्याचे डोळे भरून आले.

मग त्यांनी वॉकरवरचा एक हात सोडला आणि समोरच्या भिंतीवर, नव्या टाइल्सवर ठेवला. थोडा वेळ तसाच ठेवला.

"पलीकडे कोण राहतं रे?"

"पलीकडे कोणी नाही आत्या," प्रशांत म्हणाला. "तिकडे लिफ्ट आहे."

आत्यांनी हात काढून पुन्हा वॉकरवर ठेवला. "म्हणजे पलीकडे ओल गेली तरी भांडायला कोणी यायचं नाही," त्या म्हणाल्या, आणि वळून हळूहळू खोलीकडे चालायला लागल्या.